बोटीमागचे साठ कुरव

“मास्तर, तुमची ती वही आना,” चांगुणा म्हणाली.

सकाळचे पावणेसात झाले होते. तारवण बंदराच्या जेटीवर अख्खा कोळीवाडा जमला होता, आणि एवढी माणसं असून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चांगुणाचा नवरा महादू चोगले आणि तिचा धाकटा भाऊ नथू आदल्या दिवशी पहाटे ‘काळकाई प्रसाद’ घेऊन समुद्रात गेले होते. दिवेलागणीला परतायचे, ते रात्र उलटली तरी आले नव्हते. बोट लहान, माणसं दोनच. त्या काळी असल्या बोटींवर वायरलेस नसे, आणि खिशातले मोबाइल किनारा सुटला की मुके व्हायचे.

“कुठली वही?” मी विचारलं. कुठली ते मला चांगलं ठाऊक होतं.

“पाखरांची. तुमी बोटी पन लिवता ना त्यात?”

लिहीत होतो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, आणि बर्वे बाईंच्या नादाला लागून कुरव मोजत होतो. बर्वे बाई जिल्ह्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. थंडीत उत्तरेकडून आपल्या किनाऱ्यावर येणारे हे पांढरे-राखी पक्षी दर वर्षी किती येतात, वाढताहेत की घटताहेत, हे कुणालाच नीट माहीत नाही म्हणून त्यांनी किनाऱ्यावरच्या गावोगावी आमच्यासारखे बिनपगारी मोजणारे तयार केले होते. जानेवारीभर रोज संध्याकाळी साडेतीन ते साडेपाच मी बंदरावरच्या कातळावर तिकाटण्यावर दुर्बीण लावून बसायचो, आणि त्याच वेळी बाई खाडीच्या मुखाशी चिखलात उभ्या असायच्या. दोघांनी एकाच वेळी मोजायचं, म्हणजे इकडचा थवा तिकडे जाऊन दोनदा मोजला जात नाही. गावानं आमचं नाव ठेवायला वेळ लावला नव्हता. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असं मच्छीमार सोसायटीचे चेअरमनसाहेब माझ्या तोंडावर म्हणत, आणि वर चहाही पाजत.

बोटींचं म्हणाल तर त्याला कारण होतं. परतीच्या वाटेवर खलाशी जाळं झाडतात, बारकी मासळी पाण्यात फेकतात, की कुरवांचा थवा त्या बोटीमागं लागतो. ती बोट रिकामी झाली की तोच थवा दुसरीच्या मागं. हे पक्षी पुन्हापुन्हा मोजू नयेत म्हणून आमच्या तक्त्यात ‘बोटीमागे’ असा एक रकाना होता. त्यात वेळ, बोटीचा रंग, दिशा आणि पक्ष्यांचा आकडा लिहायचा. बाईंचा एकच कडक नियम होता. बघितलं आणि पक्षी नव्हते, तर शून्य लिहायचं. बघितलंच नाही, तर चौकट रिकामी सोडायची. “शून्य ही माहिती आहे मुकुंदा,” त्या म्हणत, “आणि रिकामी चौकट हा प्रामाणिकपणा आहे. दोन्हींची सरमिसळ केलीस तर मला तोंड दाखवू नकोस.”

वही माझ्याकडे नव्हती. आदल्या रात्री मी ती बाईंच्या हवाली केली होती. त्या शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या होत्या. कुणीतरी धावत जाऊन त्यांना घेऊन आलं. त्या आल्या त्या खांद्यावर शाल, हातात वही आणि चष्म्याची दोरी गळ्यात.

चेअरमनसाहेबांनी तोवर शोधाची वाटणी केली होती. जेटीवर नऊ बोटी तयार होत्या. पाच दक्षिणेला, दीपस्तंभाच्या अंगाला जाणार होत्या, चार उत्तरेला, भैरीच्या खडकांकडं. महादू नेहमी दक्षिणेला जायचा, पण दर्यावर नेहमीचं काही नसतं, म्हणून चार उत्तरेला.

“बाई, वाचा,” चेअरमन म्हणाले.

बाईंनी पान उघडलं आणि वर्गात वाचावं तसं स्पष्ट वाचलं. “काल, पाच वाजून वीस मिनिटं. निळी-पिवळी बोट. दीपस्तंभाच्या दक्षिणेला, अंदाजे दोन किलोमीटर. बोटीमागे साठ कुरव.”

तारवणात निळी-पिवळी बोट एकच होती.

“म्हनजे पाच वीसला चालू होती,” कुणीतरी म्हणालं. “पाखरं मागं होती म्हनजे जाळं झाडत घरी येत होती. त्याच्या पुढं काय ते झालं.”

“रात्री मतलई होता,” म्हातारे इब्राहिमचाचा म्हणाले. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा रात्रीचा वारा. “इंजिन बंद पडलं असंल तर बाहेर ढकलली असंल. पन दक्षिणेलाच.”

चेअरमननी हात उचलला. “मग वाटनी कशाला? सगळ्या नवाच्या नऊ दक्षिणेला. पसरून जायचं. जेवढ्या जास्त बोटी, तेवढं रुंद बगता येईल.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मुकुंदा, तू पाहिलीस ना ही बोट?”

आता सांगतो. आदल्या संध्याकाळी मी कातळावर नव्हतो. साडेचारला दुर्बीण गुंडाळून मी मैदानात पळालो होतो, कारण पंचक्रोशीच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि मी आमच्या संघाचा सलामीचा फलंदाज होतो. मी एकतीस धावा केल्या. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेऊन मिरवलं. रात्री नऊला घरी आलो, वही उघडली, साडेचार ते साडेपाचच्या चौकटी रिकाम्या दिसल्या, आणि मला बाईंची लाज वाटली. रोज संध्याकाळी दिसतं तेच तर दिसलं असणार. मी आदल्या दिवसाचं पान बघितलं आणि उतरवून काढलं. महादूची बोट, दक्षिण, साठ कुरव. वही द्यायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्यासुद्धा, “साठ? काल पण साठच?” मी हसून म्हणालो, “त्यांना ठाऊक आहे बाई, साठाच्या पुढं गेलं की मास्तर चुकतो.” त्याही हसल्या होत्या.

“हो,” मी म्हणालो. “पाहिली.”

एक शब्द म्हणालो असतो तर वाटणी राहिली असती. पण समोर शंभर माणसं होती, बाई होत्या, माझे विद्यार्थी होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मनात वकील बसलेलाच असतो प्रत्येकाच्या. माझा म्हणाला, महादू रोज दक्षिणेलाच जातो, तेव्हा लिहिलेलं खरंही असेल. खोटं लिहिलं म्हणून खोटंच असलं पाहिजे असं थोडंच आहे? नऊ इंजिनं एकामागून एक धडधडली आणि बोटी एका रांगेत डावीकडं वळल्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो.

माणसं पांगली. बायका घराघरांत गेल्या. बाई मागच्या पानांवर काहीतरी बघत शाळेकडं चालू लागल्या. मी जेटीच्या कठड्यावर बसून राहिलो. घरी जाववेना, थांबवेना.

तास उलटून गेला असेल. चांगुणा आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. तिनं एका हातात कपबशी आणली होती.

“चा घ्या मास्तर. सकाळपासून तुमी काय खाल्लेलं नाय.”

“नको.”

“घ्या हो.” तिनं कपबशी कठड्यावर ठेवली. ती तिशीची असेल. रात्रभर न झोपलेल्या माणसाचा चेहरा होता, पण केस विंचरलेले होते. तो येईल आणि बघेल म्हणून विंचरले असणार. “लोक हसायचे तुमाला. मी पन हसले हाय, खोटं कशाला बोलू. महादू नाय हसायचा. तो म्हनायचा, चांगलं हाय, कोनतरी वर बसून बगतंय. तुमच्यामुळं दिशा तरी कळली. नायतर एवढ्या पान्यात कुटं शोधनार?”

मला ते सहन झालं नाही. शूरपणा वगैरे काही नव्हता.

“चांगुणाबाई, मी नव्हतो,” मी म्हणालो. “काल कातळावर मी नव्हतो. ते लिहिलेलं खोटं आहे. परवाचं बघून उतरवलं. महादू कुठल्या दिशेला होता, मला माहीत नाही.”

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं ती मारेल, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं असतं. तिचे ओठ हलले फक्त, जसं काहीतरी मोजत होती. मग तिनं एवढंच विचारलं, “दक्षिणेला नसंल, तर उत्तरेला असंल?”

“असू शकेल.”

ती उठली. कप लवंडला. ती धावत इब्राहिमचाचांच्या मचव्याकडं गेली. चाचांची बोट सकाळी निघू शकली नव्हती, इंजिनाचा पंप गळत होता आणि ते तो आवळत बसले होते.

“चाचा, पंप झाला काय?”

“होतोय. तास-दोन तास टिकंल.”

“उत्तरेला चला. मास्तर म्हनतात तिकडं पन बगायला पायजे.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. “सकाळी तर...”

“चला चाचा,” ती म्हणाली. “विचारू नका.” आणि ती बोटीत चढली.

“तू कुटं? बाईमानूस...”

“माजा नवरा हाय आनि माजा भाऊ हाय. मी येनार.” मग तिनं जेटीवर उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. “तुमी पन चढा. पाखरं बगता ना? मग बगा पाखरं.”

मी धावत जाऊन घरून लहान दुर्बीण आणली. मोठीचा बोटीवर उपयोग नसतो, पाण्याच्या हेलकाव्यात समुद्र नाचतो नुसता. आम्ही निघालो तेव्हा साडेआठ वाजले होते.

भैरीचे खडक मागं पडले. त्यापुढं नुसतं पाणी. चाचा सुकाणूवर होते, चांगुणा पुढच्या टोकाला, नाळेवर दोरी धरून उभी होती, आणि मी दुर्बीण डोळ्याला लावून टप्प्याटप्प्यानं क्षितिज न्याहाळत होतो. असं बघायला बाईंनीच शिकवलं होतं. आधी उजवीकडून डावीकडं, मग तसंच परत, घाई न करता. हेलकाव्यात दुर्बीण हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवले.

“तिकडं,” चाचा म्हणाले. “पाखरं आहेत.”

दूर पांढरे ठिपके वरखाली होत होते. चांगुणानं मान वळवली. मी बघितलं. बारीक अंगाचे, दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी वरून दगडासारखे पाण्यात पडत होते.

“ते कुरव नाहीत, सुरय आहेत,” मी म्हणालो. “मासळीच्या झुंडीवर सूर मारताहेत. तिथं बोट नाही.”

“नक्की?” चांगुणानं विचारलं.

त्या सकाळी माझ्या ‘नक्की’ला काय किंमत होती? पण चूक झाली असती तर चाचांचा तासभराचा पंप त्यात संपला असता. मी पुन्हा बघितलं. पुरतं मिनिटभर बघितलं.

“नक्की. वळवू नका.”

वळवलं नाही. आणखी अर्धा तास गेला असेल. सूर्य चांगला वर आला होता, पाणी चकाकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग वायव्येला, अगदी क्षितिजाच्या वर, मला कुरव दिसले. हे नक्की कुरव होते, रुंद पंखांचे, संथ. आणि ते चुकीच्या पद्धतीनं उडत होते. चालत्या बोटीमागं कुरवांची शेपटी असते, लांब, एका बाजूला ओढलेली. इथं शेपटी नव्हती, कडं होतं. सगळे एकाच जागेभोवती फिरत होते आणि मधूनमधून एखादा खाली बसत होता. ज्या जागेवर ते बसत होते, ती जागा पुढं सरकत नव्हती.

“चाचा, तिकडं. एक बोट उभी आहे.”

“बोट दिसते तुला?”

“बोट नाही दिसत. कुरव दिसताहेत. खाली काहीतरी आहे, आणि ते चालू नाही.”

“किती हायत?” चांगुणानं विचारलं. का विचारलं कोण जाणे. मी मोजले. पुन्हा मोजले.

“एकेचाळीस.”

बोट निळी-पिवळी होती. टपावर, नाळेवर कुरव बसले होते. आम्ही जवळ गेलो तसे उडाले. नथू बोटीच्या काठाला, वरवंडीला टेकून बसला होता, ओठ फाटलेले, अंगावर फक्त चड्डी. त्याच्या शेजारी ताडपत्री अंथरलेली होती आणि ताडपत्रीखाली महादू होता.

चांगुणा एका बोटीतून दुसरीत कशी गेली ते मी पाहिलं नाही. मी ताडपत्रीकडं बघत होतो. तिनं ती उचलली आणि खाली बसून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. आम्ही नथूला पाणी पाजलं, थोडं थोडं. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. थांबला असता तर बरं झालं असतं.

काल पावणेपाचच्या सुमाराला बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात तुटकं जाळं अडकलं, भैरीच्या खडकांच्या अलीकडंच. दक्षिणेला मासळी कमी झाली म्हणून महादू त्या दिवशी उत्तरेला आला होता. इंजिन बंद. नांगर टाकला, तो खडकावर तुटला. संध्याकाळी उतरून पंखा मोकळा करायचा महादूनं प्रयत्न केला, जमलं नाही. रात्रभर वाऱ्यानं बाहेर ढकललं. दिवस उगवल्यावर कुणी येत नाही असं बघून महादू कमरेला दोरी बांधून, सुरी घेऊन पुन्हा पाण्यात उतरला. लाट आली, बोट उचलली गेली आणि त्याच्या डोक्यावर आदळली. नथूनं दोरी ओढून त्याला वर घेतलं. त्यानंतर महादू बोलला नाही.

“तेव्हा किती वाजले असतील?” चाचांनी विचारलं.

“दिवस कासराभर वर आलेला,” नथू म्हणाला.

म्हणजे आठ. मी चांगुणाकडं बघितलं नाही.

मग नथूनं माझा हात धरला. त्याचा हात मिठानं खरखरीत झाला होता. “मास्तर, पन तुमी बगितलंत ना? काल संध्याकाळी आमाला कातळ दिसत होता. स्पष्ट दिसत होता. महादू म्हनाला, आज मास्तर वर बसलेले असतील, दुर्बीन हाय त्यांच्याकडं. आमी बनियन काढून हलवत होतो. पाच वाजेपर्यंत हलवलं, साडेपाच वाजेपर्यंत हलवलं. महादू म्हनाला, हलवत ऱ्हा, दिसंल त्यांना, रोज बगतात ते. रात्री मी म्हनालो, दिसलं नसंल. तो म्हनाला, दिसलं असंल रे, उजेड नाय म्हनून येत नाय, सकाळी येतील.” त्यानं माझा हात दाबला. “आनि तुमी आलात.”

इब्राहिमचाचा सुकाणूकडं वळले. चांगुणा वर बघत होती, माझ्याकडं. नवऱ्याचं डोकं तसंच मांडीवर होतं. पाच वाजता मी काय करत होतो हे तिला माहीत नव्हतं, पण कातळावर नव्हतो हे माहीत होतं. एका शब्दात ती मला तिथंच, तिच्या भावाच्या समोर उभा कापू शकली असती. नथू माझा हात धरून रडत होता. ती काही बोलली नाही.

त्याच दिवशी दुपारी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही उघडली, आणि जानेवारीच्या प्रत्येक पानावर पट्टी लावून एक आडवी रेघ मारली. “एक खोटा निघाला,” त्या म्हणाल्या, “तर बाकीचे खरे कशावरून धरू?” त्या रात्रीच्या एसटीनं गेल्या. पुढं त्यांनी मला पत्र पाठवलं नाही आणि मीही त्यांना कधी तोंड दाखवलं नाही.

चेअरमननी मात्र सभेत माझं कौतुक केलं. पाखरं बघून मास्तरांनी बोट शोधली, असं पंचक्रोशीत झालं. सकाळच्या चुकीचं लोकांनी आपलं आपणच उत्तर शोधलं होतं, की मास्तरनं लांबून बोट बघितली, दिशेत फसला, आणि लक्षात आल्यावर स्वतः धावला. अशी उत्तरं लोकांना आवडतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चांगुणाच्या घरी गेलो. ती ओसरीवर सुकी मासळी निवडत होती.

“मी सगळ्यांना सांगतो,” मी म्हणालो. “चेअरमनना, नथूला. आजच.”

तिनं हात थांबवले नाहीत. “कशाला?”

“खरं आहे म्हणून.”

“ऐका मास्तर,” ती म्हणाली. “मी पन तेरा दिवस हेच करत बसले. तुमी काल... त्या दिवशी वर बसला असतात, तर महादू असता. सकाळी विचारलं तेव्हाच बोलला असतात, तरी कदाचित असता. आनि मग पन बोलला नसतात, तर नथू पन नसता. तिन्ही खरं हाय. यातलं कुटलं एक तुमाला पायजे तेवढं उचलून न्यायचं, असं नाय होनार.” तिनं सुपातला कचरा पाखडला. “नथूला वाटतं, महादू म्हनाला तसंच झालं. शेवटचं त्याचं बोलनं खरं ठरलं. त्याच्याकडं तेवढंच हाय. तेवढं त्याच्याकडनं काढून घ्यायचं, तर तुमाला बरं वाटावं म्हनून काढायचं काय?”

“जा आता,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आनि परत येऊ नका. मला तुमाला बगवत नाय.”

मी गेलो नाही परत. चांगुणा चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हाही गर्दीत मागं उभा राहिलो. नथूचं आता मासळी बाजारात स्वतःचं दुकान आहे. मी दिसलो की तो गिऱ्हाइकं बाजूला सारून मला पुढं घेतो, आणि मी घेतलेल्या मासळीवर दोन बांगडे जास्तीचे टाकतो. नवीन कुणी उभं असलं की त्यांना सांगतो, ह्या मास्तरांनी कातळावरून मला बघितलं. वीस वर्षं झाली. मी पिशवी पुढं करतो.